हवेतली दोन चाकं

शेवगावचा हनुमंत त्या दिवशी नुसता ट्रक चालवत नव्हता, सासऱ्यापुढं मिरवत होता! अर्थात सासरा अजून झालेला नव्हता, व्हायचा होता. वैजनाथमामा म्हणजे निकिताचे वडील. निकिताला हनुमंत पसंत होता. मामांचं मात्र महिनाभर ‘बघू, बघू’ चाललेलं. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्यांचा आणि भावकीचा कांदा नगरला न्यायचा होता. तो हनुमंतानं लिलावाच्या आत पोचवायचा, आणि मामा केबिनमध्ये शेजारी बसणार! कांद्याची राखण आणि जावयाची परीक्षा एकाच खेपेत.

“मामा, ही बारा टायरी हाय,” तिसगाव सोडतानाच हनुमंत सुरू झाला. “दहा टायरीत एवढा माल भरला तर ओव्हरलोड! एक्सल वाढला की वजन वाटलं जातं, म्हनून कायदाबी जास्त माल भरू देतो. आपलं समदं नियमात!”

मामांनी खिडकीतून मान काढून मागं पाहिलं. “पाव्हणं, मधली दोन चाकं फिरंनात.”

“ती वर उचलून ठेवलीत. टायर झिजत न्हाई, डिझेल वाचतं.”

“गाडी भरल्यावर बी?”

हनुमंतानं हॉर्न वाजवला. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं!

करंजीचा घाट उतरला आणि पुढ्यात हात आडवा झाला. तपासणीची गाडी, शेजारी वजनकाटा, आणि खाकीतल्या मॅडम. छातीवर नाव होतं सत्यशीला. हनुमंताचा शर्ट तिथंच पाठीला चिकटला.

काट्यावर वजन झालं. मॅडमनी कागद पाहिले, ट्रकभोवती चक्कर मारली आणि म्हणाल्या, “बारा चाकांच्या हिशेबानं माल बरोबर आहे. पण जमिनीवर दहाच आहेत. दहाच्या हिशेबानं हा ओव्हरलोड झाला. ही दोन वर का?”

“ती… ती स्टेपनी हायेत, मॅडम!”

“एक्सलसकट?”

“म्हंजे, रस्त्यात खड्डा हुता. आत्ता पाच मिनटं झाली उचलून.”

मॅडमनी वाकून टॉर्च मारला. “साखळदंडानं बांधलीत की! आणि साखळीवर कोळ्यानं जाळं विणलंय. पाच मिनिटांत?”

“लई चपळ कोळी हायेत, मॅडम, आमच्या भागात…”

मामांनी तोंडाला टॉवेल लावला. ते हसतात की रडतात, हनुमंताला कळेना. खरी गोष्ट साधी होती. चाकं उचलून धरणाऱ्या रबरी फुग्यातली हवा गळायची, चाकं आपोआप खाली यायची, म्हणून त्यानं ती साखळीनं बांधून कुलूप ठोकलं होतं.

“खाली घ्या. त्याशिवाय गाडी हलणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

कुलूप गंजून दगड झालेलं! चावी आत गेली, अर्धी आतच राहिली. लिलावाची वेळ जवळ येत होती. मागून कांद्याचे ट्रक एकेक करून पुढं निघून जात होते, आणि प्रत्येक ट्रकाबरोबर हनुमंताला निकिता लांब जाताना दिसत होती. त्यानं लोखंडी टामी घेतली, बाजूला उभं राहून कुलपात अडकवली आणि सगळा जीव लावून हिसका दिला. कुलूप तुटलं! धाडकन चाकं खाली आली. हनुमंतानं पाय ओढला, चप्पल राहिली. चाकाखाली तिची पोळी झाली.

“आता झाली बारा!” मामा म्हणाले.

एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशा अवतारात हनुमंतानं दंड भरला, बटन दाबून चाकांवर नीट भार घेतला आणि गाडी काढली. गाडी नगरला पोचली. लिलाव संपत आला होता, पण कांदा शेवटच्या बोलीत निघाला.

परतीला हनुमंतानं स्वतःच विषय काढला. “मामा, तुमचा नकार असंल तर आत्ताच सांगा. मला दम निघत न्हाई.”

“नकार? मी नीट बघितलं. तुला खोटं बोलायलाच जमत न्हाई. तोंड उघडलं की घाम फुटतो, घाम पुसला की कोळी निघतो! माझ्या पोरीला फसवायचं म्हटलंस तरी तासाभरात सापडशील. असला जावई शोधून मिळायचा न्हाई.”

हनुमंताच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग निकिताला कळवायचं का?”

“मघाशीच फोन केला. समदं सांगितलं.”

“काय म्हनली?”

“तवापासनं हसतीया,” मामा म्हणाले. “थांबली की तारीख काढू.”