बेटाखालचा ठोका

सरांनी आयुष्यात एकही विधान खात्रीने केलेलं नव्हतं. लग्नाला होकार देतानासुद्धा ते "हरकत नसावी" एवढंच म्हणाले होते. त्यामुळे एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी "बेटाखाली काहीतरी धडधडतंय. नक्की," असं जाहीर केलं, तेव्हा बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, ताप-बिप नाही ना?"

"नक्की म्हणजे नक्की," सर म्हणाले आणि स्वतःच दचकले.

ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांभोवतीचा समुद्राचा तळ हा सरांचा विषय. या कामात जहाजावरून दाबलेल्या हवेचे बार काढतात, तळाशी सोडलेली यंत्रं जमिनीच्या कवचातून परतणारे हादरे टिपतात, आणि मग शहाणी माणसं वर्षभर त्या रेघोट्यांवरून भांडतात की कवच नेमकं किती जाड आहे. सर भांडत नसत. समोरचा जे म्हणेल त्यात त्यांना तथ्य दिसे.

पण या खेपेला पाचव्या यंत्राच्या नोंदीत ठोका होता. रोज, ठरावीक वेळी, दिवसातून तीनदा. सरांनी ताडलं, की बेटाखालचा वितळलेला खडक भरती-ओहोटीसरशी वरखाली होतोय. भरती दोनदाच येते ही अडचण होती खरी. पण तिसरा ठोका हा पहिल्या दोन्हींचा पडसाद असावा, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली. विद्वान माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

संस्थेत व्याख्यान झालं. टाळ्या थांबेनात. संचालकांनी तिथल्या तिथे उठून पुढच्या मोसमातलं जहाज या ठोक्याच्या शोधासाठी देऊन टाकलं. मोहिमेचे प्रमुख सर, त्यांच्या हाताखाली धाकटी.

धाकटी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. विभागात सगळ्यांत लहान म्हणून तिला हे नाव पडलं, ते चष्मा लागला तरी सुटलं नाही. बेटाचा दक्षिण उतार हा तिचा ध्यास. तिथे आजवर कुणी यंत्र सोडलेलं नव्हतं. बेटाच्या ओझ्याने तिथलं कवच नुसतं वाकलंय, की खालून थिजलेल्या खडकाने जाडही झालंय, एवढं तिला पाहायचं होतं. त्याकरता ती कधीपासून जहाज मागत होती.

"अभिनंदन, सर," ती जिन्यात म्हणाली आणि पटकन खाली उतरून गेली.

आपण पोरीचं जहाज पळवलं, असं सरांना वाटलं.

पुढच्याच आठवड्यात जहाजावरच्या कोठीवाल्याचा फोन आला.

"सर, तुमचं एक पिवळं यंत्र आमच्याकडे पडलंय. पाच नंबरचं. दिवा लुकलुकतोय. काय करू त्याचं?"

"पाच नंबरचं? ते समुद्रात होतं ना?"

"छे हो. कधीपासून आमच्या कोठीतच आहे. वर स्वयंपाकघरात पीठ मळायचं यंत्र लागलं, की हे बिचारं थरथरतं."

"पीठ... किती वेळा मळता?"

"तीनदा. खायला माणसं तीनदाच मागतात, सर."

सर खुर्चीत बसले. मग सगळं आठवलं. यंत्रं सोडायच्या दिवशी पाचव्याच्या झाकणाचं रबर त्यांना जरा संशयास्पद वाटलं होतं. ते त्यांनी "बाजूला ठेवा" म्हणून सांगितलं, त्याच्या जागी राखीव यंत्र सोडायला लावलं आणि लगेच कठडा गाठला, कारण समुद्र त्यांना कधीच मानवत नसे. पाचवं बंद करायचं राहून गेलं. पुढे यंत्रांतली नोंदींची कार्डं गोळा झाली, त्यात कोठीतल्या यंत्राचंही गेलं आणि पाचव्या जागेचं म्हणून ते पाच नंबरचंच कार्ड त्यांच्या टेबलावर आलं.

ते धावतपळत संचालकांकडे गेले. "माझं चुकलं. ठोका खोटा आहे."

संचालक कौतुकाने हसले. "सर, तुम्ही आणि 'चुकलं' म्हणणार नाही? प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी तुम्ही हेच लिहिता."

"या वेळी खरंच चुकलंय."

"हा विनय आजकाल दुर्मिळ आहे."

"विनय नाही हो, पीठ आहे ते!"

संचालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडी विश्रांती घ्यायला सुचवलं. सरांनी विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी ही गोष्ट नव्या मुलांना नम्रतेचं उदाहरण म्हणून ऐकवली. घरी बायको म्हणाली, "एकदा कुठे ठामपणे बोललात, तर लगेच शेपूट घातलंत?"

पण ठोका गेला तर जहाज धाकटीला मिळेल, या एका विचाराने सर इरेला पेटले. त्यांनी कोठीवाल्याला मुद्दाम पीठ मळायला लावलं, नवी नोंद मागवली आणि जुन्या नोंदीवर ठेवून संचालकांच्या टेबलावर पसरली. रेघेवर रेघ बसली. संचालक बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक ओसरत गेलं. संध्याकाळपर्यंत मोहीम रद्द झाली आणि जहाज मासे मोजणाऱ्या खात्याकडे गेलं.

सर धाकटीच्या खोलीत शिरले. ती प्रवासाच्या बॅगेतून एकेक कपडा बाहेर काढत होती.

"अगं, तू तुझा अर्ज पुन्हा दे. आता ठोक्याची आडकाठी नाही."

"तो तीनदा परत आलाय, सर. नुसत्या कवचासाठी जहाज कोण देतं?"

"पण मी तुझ्याचसाठी..."

"ठोक्याला चारही बाजूंनी घेरायचं ठरलं होतं ना? म्हणजे दक्षिण उतारावरही यंत्रं उतरणार होती. ती मीच सोडणार होते."

सर हळूच म्हणाले, "ठोका खोटा आहे, हे तुला माहीत होतं?"

"ठोका बरोबर जेवणाच्या आधी येतो, हे मला तुमच्या व्याख्यानातच दिसलं होतं. परत आल्यावर सांगणार होते."

तिने जाड रेनकोट झटकून त्याची घडी घातली. तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाईना, म्हणून सर मदतीला पुढे झाले.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुम्ही आता काही करू नका."