‘मंग्रेल’ शब्दाचा चौकशी अहवाल

शिवी मराठीत दिली तर डोकं फुटतं. इंग्रजीत दिली तर समिती बसते. समाजाची प्रगती मोजायला याहून खात्रीचं माप नाही.

वालूरजवळच्या आमच्या गावात ऋतुजाच्या लग्नाची बोलणी चालू होती. तिचे वडील चंद्रप्पा, किराणा दुकानदार. चंद्रप्पांची आई दुसऱ्या पोटजातीतली, हे भर बैठकीत निघालं आणि मुलाचे काका राजेश्वर (मुक्काम पुणे, त्यामुळे शिवीही इंग्रजीत) त्यांना ‘मंग्रेल’ म्हणाले. अर्थ कुणालाच कळला नाही, पण तोंड कसं वाकडं झालं ते सगळ्यांना दिसलं.

“माफी मागितल्याबिगर साखरपुडा न्हाई,” चंद्रप्पा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

प्रकरण तंटामुक्ती समितीकडे आलं. अध्यक्ष दिनकरराव, कापूस सोळा एकर. सेलूहून शब्दकोश मागवला. निष्कर्ष असे: शब्द पाचेकशे वर्षं जुना (म्हणजे टिकाऊ). मुळाशी अर्थ, मिसळलेलं. त्यावरून मिश्र जातीचं कुत्रं. पुढे माणसालाही लावू लागले (कुत्र्यांची हरकत नोंदलेली नाही).

दिनकरराव खुलले. “मिसळलेलं म्हंजे संकरितच की! माझं कापसाचं बियाणं संकरित, गाय संकरित, ज्वारी संकरित. गावरानाला इचारतंय कोण? चंद्रप्पा, पावणे तुमची तारीफ करायलेत!”

सात विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला: सदर शब्द शिवी नसून गौरव आहे. चंद्रप्पा मान खाली घालून बसले होते. सातांत माझाही हात होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात ऋतुजा दिनकररावांसमोर उभी राहिली. “आबा, गौरवच हाय तर राजेश्वरकाकांचाबी करा. शाल, नारळ, अन् माइकवरून हाच शब्द.”

समितीला हे तर्कशुद्ध वाटलं. दिनकररावांनी लगेच फोन लावून सत्काराचं निमंत्रण दिलं. राजेश्वरांनी त्यावर जे उत्तर दिलं ते मराठीत होतं, आणि त्यासाठी शब्दकोश उघडावा लागला नाही.

माफी काही आली नाही. ऋतुजानंच स्थळाला नकार कळवला आणि वडिलांना हाताला धरून घरी नेलं. समितीनं ‘तंटा मिटला’ असा शेरा मारला (लग्नच नाही तर तंटा कसला).

आपण शहाणे, म्हणून आम्हाला हसलात. हरकत नाही. घरात कुणाचा तरी लग्नाचा बायोडाटा असेलच, तो काढा. पोटजातीचा रकाना भरलेला आहे. अक्षर कुणाचं, ओळखता येतंय का, तेवढं बघा.