चौदा किलोमीटर शिल्लक

पूनम सागर वसाहतीतल्या आपल्या सोसायटीच्या आवारात हरिश्चंद्र कोरगावकरांनी अकरा दिवस गाडी जागची हलवली नाही. गाडीत बिघाड नव्हता, पेट्रोलही अर्धी टाकी होतं. मीटरवर ९९,९८६ हा आकडा होता आणि एक लाखापर्यंतचे चौदा किलोमीटर त्यांना रविवारसाठी राखून ठेवायचे होते.

या अकरा दिवसांत त्यांच्या पत्नी नीलिमा तीनदा जवळच्या हाटकेशला जाऊन आल्या, तिन्ही वेळा रिक्षाने. तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर दळून आणलेल्या गव्हाचा डबा होता.

"खाली गाडी उभी आहे आणि मी पिठाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसतेय," त्या चपला काढता काढता म्हणाल्या.

"चौदाच उरलेत गं."

"गाडी आहे का गॅसचा सिलिंडर, पुरवून पुरवून वापरायला?"

कोरगावकरांनी डबा आत नेऊन ठेवला आणि विषय वाढू दिला नाही.

'चाकोरी' हा गाडीवेड्या लोकांचा ऑनलाइन फोरम. सभासद तिथे आपल्या गाडीने दहा हजार, पन्नास हजार, लाख किलोमीटर पूर्ण केले की मीटरचा फोटो टाकत आणि बाकीचे अभिनंदन करत. लाखाच्या फोटोला मात्र तीन अटी होत्या. आकडा अचूक हवा, इंजिन चालू हवं आणि गाडी उभी हवी. तिन्ही अटी पाळणाऱ्याचं नाव 'लाखाची पाटी' या पानावर कायमचं लागे. बारा वर्षांत अठरा नावं लागली होती. एकोणिसावं आपलं असावं, एवढीच कोरगावकरांची इच्छा होती.

या इच्छेमागे इतिहास होता. कोरगावकर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. किलोमागे पाच ग्रॅम खाणारा तराजू त्यांनी एकतीस वर्षांत कधी सोडला नव्हता. पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत त्यांना एकही आकडा धरता आला नव्हता. दहा हजारचा फोटो १०,००३ वर निघाला, पंचवीसचा २५,००१ वर आणि पन्नासचा ५०,००२ वर. प्रत्येक फोटोखाली फोरमवरचे लोक चार दिवस हसत होते.

सगळ्यात जास्त हसायचा तो जितेंद्र शहा. हाटकेशला त्याचा नट-बोल्टचा लहानसा कारखाना होता आणि पाटीवर त्याचं नाव तिसरं होतं. शनिवारी त्याचा फोन आला.

"काका, उद्या पक्कं ना? की एक लाख दोनला बोलावताय?"

"तू अंतर मोजलंस का ते सांग."

"दोन वेळा मोजलं. तुमच्या गेटपासून उत्तनच्या चढावरची मोकळी जागा, बरोबर चौदा पॉइंट शून्य. मागे समुद्र, पुढे तुम्ही. फोटो एकदम कॅलेंडरसारखा."

"माझा आकडा पण नुकताच बदललेला आहे. गाडी लावायच्या आधी आवारात तीन फेऱ्या मारल्या. ९९,९८६ लागलं आणि त्याच क्षणी थांबलो."

"वॉचमन काय बोलला?"

"दशरथ ना? विचारत होता, साहेब, काय हरवलंय का."

"काका, एक विचारू? तुमचं लग्न तरी मुहूर्तावर लागलं होतं का?"

फोन स्पीकरवर होता. "अकरा मिनिटं उशिरा," नीलिमा स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

रविवारी सकाळी सातला जितेंद्र आपली गाडी घेऊन आला. पाठोपाठ रुचिता आली. ही तिशीतली मुलगी फोरमची मॉडरेटर होती. कोणती पोस्ट राहील आणि कोणती उडेल, हे तीच ठरवायची. नीलिमाही पिशवी घेऊन खाली उतरल्या. त्यांना लाखाशी काही घेणंदेणं नव्हतं, उत्तनला मासळी ताजी मिळते म्हणून त्या निघाल्या होत्या.

कोरगावकरांनी किल्ली फिरवली. गाडीने टक् असा आवाज केला आणि गप्प बसली.

"बॅटरी उतरली," रुचिता म्हणाली. "काका, अकरा दिवसांत एकदा पण स्टार्ट नाही केली?"

"केली असती तर हलवाविशी वाटली असती."

जितेंद्रने आपली गाडी शेजारी आणून केबल जोडल्या आणि गाडी सुरू झाली. "आता उत्तनपर्यंत बंद करू नका," तो म्हणाला. "आणि भाभी, ह्यांना सिग्नलला पण बंद करू देऊ नका. पेट्रोल वाचवायची सवय आहे ह्यांना." मग गेटजवळ त्याने आणि रुचिताने आपापला ट्रिप मीटर शून्यावर आणला. कोरगावकरांच्या गाडीत ट्रिप मीटर आणि मुख्य आकडा एकाच खिडकीत आलटून पालटून दिसत. आज त्या बटणाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

जितेंद्र पुढे, कोरगावकर मध्ये आणि रुचिता मागे, अशा तीन गाड्या निघाल्या. भाईंदर पश्चिमेला वळण्याआधी रस्ता खणलेला निघाला. पत्रे लावले होते आणि वळसा घालण्याची पाटी होती. वळसा संपून पुन्हा मूळ रस्त्याला लागल्यावर जितेंद्रचा फोन आला.

"काका, लोचा झाला. हा वळसा एक पॉइंट चार एक्स्ट्रा पडला."

"म्हणजे लाख उत्तनच्या आधीच लागणार."

"मोर्व्याच्या आसपास. समुद्र गेला. टेन्शन घेऊ नका, मी पुढे आहे. माझा मीटर चौदा दाखवेल तिथे थांबतो आणि मागची ट्राफिक सांभाळतो."

मुर्धा गाव मागे पडलं. मोर्व्याच्या वस्तीत रस्ता अरुंद होता. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला गटार, आणि मागे उत्तनला जाणारी बस लागलेली. चौदा किलोमीटर होताच जितेंद्रने गाडी एका ओटीला चिकटवून उभी केली, उतरला आणि दोन्ही हात पसरून बससमोर उभा राहिला. रुचिताने आपली गाडी त्याच्या गाडीमागे लावली आणि कॅमेरा घेऊन धावत आली.

"झालं का, काका?"

"९९,९९९."

"थोडं पुढे घ्या."

कोरगावकरांनी गाडी थोडी पुढे घेतली. आकडा हलला नाही. आणखी थोडी घेतली. आकडा तोच. पहिल्या गिअरमध्ये गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकू लागली. डावीकडे खिडकीला धरून रुचिता, मागे जितेंद्र, त्याच्या मागे बस, आणि बसच्या मागे जे जे येत होतं ते सगळं.

"काय झालंय तरी काय?" बसच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं.

"मीटर बदलतोय," जितेंद्र म्हणाला.

"मग गॅरेजला न्या ना."

रस्त्याकडेला सुकटीची टोपली घेऊन हौसाबाई बसल्या होत्या. गावातल्या जुन्या विक्रेत्या. एवढी मोठी वरात मुंगीच्या पावलांनी येताना पाहून त्या उठल्या.

"बंद परली काय गारी?"

"नाही हो, चालू आहे," कोरगावकर म्हणाले.

"चालू हाय तं जात कनाला न्हाय?" उत्तराची वाट न बघता त्यांनी समोरच्या घराकडे हाक दिली. "आरं निकेत, दोघा जनांना घेऊन ये. गारीला धक्का द्याचा हाय."

निकेत दोघांना नव्हे, चौघांना घेऊन आला. "ढकलू नका, ढकलू नका," असं कोरगावकर म्हणेपर्यंत गाडी जोरात पुढे गेली. ब्रेक मारावा की मीटर बघावा, या पेचात त्यांनी दोन्ही केलं. नीलिमांचं डोकं समोर टेकता टेकता राहिलं.

"१,००,०००," कोरगावकर म्हणाले. आवाज इतका हळू होता की शेजारी बसलेल्या नीलिमांनाच तो ऐकू गेला.

गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. रुचिताने खिडकीतून आत वाकून सहा फोटो काढले. जितेंद्रने टाळ्या वाजवल्या, आणि कशासाठी ते माहीत नसताना निकेतच्या मित्रांनीही वाजवल्या. गाडी कडेला घेतल्यावर बस निघून गेली. जाता जाता ड्रायव्हरने काय म्हटलं ते कोणी नीट ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं.

जितेंद्र आणि रुचिता आपापल्या गाड्या तिथे घेऊन आले. उतरताना रुचिता म्हणाली, "एक कळलं नाही. माझा मीटर इथे चौदा पॉइंट पाच दाखवतोय. जितूभाई, तुमचा?"

"सेम. चौदा पॉइंट पाच."

"आणि काकांची गाडी म्हणते चौदाच."

"तुमचे मीटर तपासून घ्या," कोरगावकर म्हणाले.

"दोन्ही एकसारखेच चुकतील का, काका?" रुचिता खाली वाकली आणि पुढच्या टायरवरचं माप वाचू लागली. मग तिने ड्रायव्हरच्या दाराच्या कडेचं कंपनीचं स्टिकर वाचलं. "हे टायर मूळ मापाचे नाहीत. मोठे आहेत."

"चाळीस हजारला बदलले. तेव्हापासून हेच माप वापरतोय. जितेंद्रनेच सांगितलं होतं."

"जितूभाई, मोठ्या टायरवर मीटर कमी मोजतो, हे नाही सांगितलंत?"

जितेंद्रने डोकं खाजवलं. "ग्रिप वाढेल, एवढं सांगितलं होतं."

रुचिताने फोनवर दोन्ही मापं टाकून हिशेब केला. खरे शंभर किलोमीटर झाले की कोरगावकरांचा मीटर साधारण साडेशहाण्णव दाखवत होता, आणि हे साठ हजार किलोमीटर चाललं होतं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा लाख केव्हाच होऊन गेला. मीटरवर ९७,९३२ असताना."

कोरगावकरांनी तिच्या फोनवरचा हिशेब पुन्हा तपासून पाहिला. तराजू किती खातो याचा असाच हिशेब ते स्वतः दुकानदारांच्या हातात देत आले होते. त्यांनी गाडीतून आपली वही काढली. तिच्यात प्रत्येक फेरीची नोंद होती. तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा आणि चालक. चालकाचा रकाना त्यांनी नीलिमांचं अ‍ॅव्हरेज वेगळं काढता यावं म्हणून आखला होता. चार महिन्यांपूर्वीच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"९७,९२४ ते ९७,९८१," त्यांनी वाचलं. "वसई. चालक नीलिमा."

"संचिताकडे गेले होते त्या दिवशी," नीलिमा म्हणाल्या. संचिता ही त्यांची धाकटी बहीण. "केवढं ट्राफिक होतं."

"म्हणजे घरापासून आठ किलोमीटरवर," रुचिता म्हणाली. "साधारण वसईच्या वाटेवरचा वर्सोवा पूल. काकू, गाडी तेव्हा उभी होती?"

"चाळीस मिनिटं."

"इंजिन चालू?"

"एसीशिवाय कोण बसेल? मक्याचं कणीस घेतलं एक आणि खात बसले."

जितेंद्रला आता मजा येऊ लागली होती. "भाभी, दोन अटी झाल्या. फक्त फोटो नाही."

"फोटो आहे ना," नीलिमा म्हणाल्या. "संचिता म्हणत होती, तू अजून घरातूनच निघाली नसशील. म्हणून पुरावा पाठवला होता तिला."

त्यांनी फोन काढून बराच वेळ बोट फिरवलं आणि फोटो सापडला. समोरच्या काचेतून ट्रकची पाठ, काचेखाली अर्धं खाल्लेलं कणीस, आणि सगळ्यात खाली मीटर. रुचिताने दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन कोरगावकरांच्या हातात दिला.

९७,९३२.

सगळे फोनवर वाकलेले पाहून हौसाबाई जवळ आल्या. "काय वं, लॉटरी लागली काय?"

"लागली," जितेंद्र म्हणाला. "ह्यांना नाही, बाईंना."

मग तो कोरगावकरांना थोडं बाजूला घेऊन गेला. "काका, सीरियसली सांगतो. आजचा फोटो टाका. इंजिन चालू, गाडी उभी, आकडा एकदम परफेक्ट. फोरमवर कोण टायर बघणारेय? आपल्या चौघांतच राहील."

"रुचिता मॉडरेटर आहे."

"मी सकाळपासून इथे नव्हतेच," रुचिता मागून म्हणाली.

कोरगावकरांनी विचार करून सांगतो म्हटलं. नीलिमांनी हौसाबाईंकडून पावशेर सुकट घेतली. सुकट तोलली जात असताना कोरगावकरांनी पहिल्यांदाच काट्याकडे न बघता दुसरीकडे पाहिलं.

दुपारी जेवण झाल्यावर ते दोन्ही फोटो समोर ठेवून टेबलाशी बसले. एकावर १,००,००० होतं आणि ते खोटं होतं. दुसऱ्यावर ९७,९३२ होतं आणि ते खरं होतं. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली तो फोटो हातात होता, आणि तो एखाद्या दुकानात सापडला असता तर त्यांनी त्याला सील ठोकलं असतं. नीलिमा झोपून उठल्या, चहा झाला, तरी ते तिथेच होते.

"अजून बसलायत?" नीलिमांनी विचारलं.

"तुझं पूर्ण नाव टाकू की नुसतं नीलिमा?"

"कशात?"

"पाटीवर."

"पूर्ण टाका. आणि ते कणीस कापून टाका फोटोतलं, बरं दिसत नाही."

"पुराव्यात फेरफार करता येत नाही," कोरगावकर म्हणाले.

संध्याकाळी पोस्ट लागली. 'एक लाख. चालक: नीलिमा हरिश्चंद्र कोरगावकर. मीटरवरील आकडा ९७,९३२. खुलासा व तक्ता सोबत जोडला आहे.' फोरमवर तासभर वाद झाला. आकडा गोल नाही म्हणून दोघांनी हरकत घेतली, तिघांनी तक्ता तपासून तो बिनचूक असल्याचं कळवलं, आणि सातजणांनी पुलावर कणीसवाला नेमका कुठे उभा असतो ते विचारलं. रुचिताने पोस्ट मंजूर केली आणि पाटीवर एकोणिसावं नाव लागलं.

त्याखाली जितेंद्रचा अभिप्राय आला. 'भाभी, हार्दिक अभिनंदन. घरात एवढा अनुभव आहे, तर काकांना पण थोडं शिकवा.'

कोरगावकरांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा पुसला आणि उत्तर लिहिलं, 'प्रयत्न चालू आहेत.'