सारवलेला रस्ता

धुळीवर माणसाने पहिला निर्णायक विजय मिळवला तो मुळगावात, आमच्या कॉलनीत आणि माझ्या नेतृत्वाखाली! मी कॉलनीचा सेक्रेटरी आहे. निवडणुकीच्या मीटिंगला मी एकटाच उशिरा पोचलो होतो.

गोवा राज्य होऊन चार वर्षं झाली, तरी आमच्या दोनशे पावलांच्या कच्च्या रस्त्याला ती बातमी लागली नव्हती. रस्ता खाजगी, म्हणून पंचायत हात लावीना. एक स्कूटर गेली की एवढी तांबडी धूळ उठे, की आरशात दिसतोय तो आपणच ना, हे बायकोला विचारून घ्यावं लागे! आम्ही शिंकून मोकळे होत असू. शेजारच्या गोकुळदासची बायको, कमलाक्षीवहिनी, मात्र दम्याने हैराण होऊन पार्सेला माहेरी गेली. "धूळ बसली की येईन," असा निरोप आला.

महिनाभर गोकुळदास स्वतः रांधत होता. एकदा त्याने मला माशाचं हुमण वाढलं.

"कसं झालंय मरे?"

"वहिनींना लवकर आणूया," मी म्हणालो.

उपाय सोपा होता. अंगणातली धूळ आपण कशाने बसवतो? शेणाने! आणि रस्ता म्हणजे काय, लांबलेलं अंगणच! बाबुरावच्या गोठ्यातून चाळीस पाट्या शेण आलं. रविवारी सगळी कॉलनी गुडघ्यांवर! संध्याकाळी रस्ता असा दिसू लागला, की पान मांडून जेवायला बसावं. शेवंतीबायने तर कडेने रांगोळी घातली. गोकुळदासने पार्सेला निरोप धाडला: ये!

सोमवारी पाण्याचा टँकर रस्त्याच्या तोंडाशीच थांबला. ड्रायव्हर परशुराम कोल्हापूरकडचा.

"आत घे की रे!"

"सारवल्यालं हाय नव्हं, सायेब? त्यावर चाक घालू? आई खेटरानं हाणंल मला!"

मागोमाग गॅसवालाही तिथेच थांबला. पाणी आम्ही कळशांनी वाहिलं, सिलिंडर खांद्यावरून. तेही अनवाणी! पोस्टमन दत्ताराम चपला बगलेत मारून आला. धूळ मात्र खरंच उडेना, कारण उडवायला कोणी येईना.

दुपारी नाक्यावर वीसेक बायका आरतीची तबकं घेऊन उभ्या.

"पालखी कितीला येते?" एकीने मला विचारलं.

"कसली पालखी?"

"मग एवढं सारवलंय ते काय उगाच?"

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि कमलाक्षीवहिनी उतरल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "निरांजन पेटवलंय, ते तसंच परत कसं न्यायचं?" त्यांतली एक म्हातारी बोलली. आणि वीस जणींनी वहिनींना ओवाळलं!

कुंकवाने कपाळ माखलेल्या वहिनी आत आल्या. गोकुळदास कोपरापर्यंत शेणाने भरलेला, उखडलेला तुकडा दुरुस्त करत बसला होता.

"किते हें? तुम्ही सारवलं?"

"हा तुकडा माझा गो."

"दिसतंय ते! भाकऱ्या थापल्यात!" वहिनींनी पदर खोचला, पाणी मागवलं आणि त्याच्या शेजारी बसून तो तुकडा पुन्हा सारवला. मध्येच हळूच म्हणाल्या, "किती वाळलात हो."

"तू बरी आहेस ना?"

"हात फिरवा सरळ."

मी उगाच रांगोळी बघत राहिलो.

पाचव्या दिवशी शेण वाळलं आणि उडू लागलं. वहिनी नाकाला पदर लावून इथेच आहेत. आमची धूळ आता तांबडी नसते, हिरवट असते.