सहासष्टची डिस्क आणि बाराचा खोका

"तीन मिनिटं! लई तर सव्वातीन!" खंडूरावांनी भर पंगतीत जाहीर केलं. "तुमचा भात संपायच्या आत माया टीव्हीवर दिसंल!"

वाढपी वाढायचे थांबले. खंडूरावांच्या बायकोला, मायाला जाऊन वर्ष झालं होतं. दौंडच्या घरापुढं मांडव घातला होता. सकाळी वंदना झाली, पुण्यानुमोदनाची भाषणं झाली आणि आता जेवणं चालली होती. भिंतीवर तिचा फोटो होता, पण फोटो काही बोलत नाही. बोलणारी माया जगात एकाच ठिकाणी उरली होती. बंद पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या हार्ड डिस्कमध्ये! मायाच्या भावाच्या, विनोदच्या लग्नाचं तासाभराचं शूटिंग तिच्यात होतं. ते डिस्कवर चढवलं आणि महिन्याभरात कॉम्प्युटर बंद पडला. पुढं बघायचं राहूनच गेलं, ते आजपर्यंत.

सासूबाई पार्वतीबाई खुटबावहून आल्या होत्या त्या यासाठीच.

"जावईबापू, मला दुपारच्या गाडीनं जायचंय. दारात म्हशी हायत."

"आत्याबाई, गार्डाचा शब्द हाय!"

खंडूराव मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. अंतराला वेगानं भागलं की वेळ निघतो, यावर त्यांचं आयुष्य गेलं. डिस्कच्या पाठीवर सेकंदाला सहासष्ट मेगाबाइट असं लिहिलं होतं. शूटिंग तेरा जीबी. तेरा हजार भागिले सहासष्ट. उरलं काय त्यात!

लॅपटॉपला जोडता यावी म्हणून डिस्क एका जुन्या खोक्यात बसवली होती. खोक्याची वायर मुलीच्या, करुणाच्या लॅपटॉपला आणि लॅपटॉपची वायर टीव्हीला. करुणानं शूटिंग तिथल्या तिथंच लावून बघितलं. मांडवाचा खांब दिसला, "आ..." असा आवाज आला आणि चित्र जागच्या जागी गोठलं.

"काय झालं?" पार्वतीबाई दचकल्या.

"खोक्यातून सरळ चालणार नाही. आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यावं लागंल," करुणा म्हणाली आणि तिनं कॉपी सुरू केली. पडद्यावर लागणारा वेळ उमटला.

साडेतीन तास!

खंडूरावांच्या हातातली खिरीची वाटी लवंडली.

"तास? मिनिटं आसतील! नीट बघ!"

"तासच आहेत पप्पा. डिस्क सहासष्टची असंल, पण माल या खोक्यातनं यायचाय. खोक्यावर बारा लिहिलंय."

"मग बारानं भागू! तेरा हजार भागिले बारा..." खंडूरावांचा चेहरा उजळला. ते मांडवात धावले. "मंडळी, गाडी अठरा मिनिटं लेट हाय!"

"दाजी, नोकरीत बी आसंच सांगत हुता व्हय?" विनोदनं पंगतीतून विचारलं. मांडव हसला.

मागून करुणा आली. "पप्पा, डिस्कवर मेगाबाइट लिहिलंय आणि खोक्यावर मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. बाराला आठनं भागा."

"दीड?" खंडूरावांनी बोटांवर मोजून बघितलं. "सेकंदाला दीड?"

"तेही कागदावर. प्रत्यक्षात एकच मिळतोय."

सहासष्टच्या एक्स्प्रेसपुढं बैलगाडी! आणि दुसरा खोका आणावा तर कुठून? असल्या जुन्या पिनांचा खोका आता दुकानात मिळत नाही. हाच एक भंगारवाल्याकडून आणलेला.

पण गार्ड कसला हार मानतोय! शूटिंगच्या दोन फाइली होत्या. एक संपल्यावर दुसरी जायची होती. खंडूरावांना आठवलं, गाड्या तुंबल्या की रेल्वे काय करते? लाईन डबल करते! करुणा पाणी प्यायला आत गेली, तशी त्यांनी लॅपटॉपवर दुसऱ्या फाइलचीही कॉपी सोडली.

पडद्यावर सात तास दिसले!

"आरं बाबौ!" पंगतीतून उठून आलेला विनोद हातातला पापड विसरला. "दाजी, ह्ये वाढलं कसं?"

खोक्यातून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज येऊ लागला. करुणा धावत आली.

"पप्पा! वायर एकच आहे! एका लाईनीवर दोन गाड्या सोडल्या तुम्ही!"

हे वाक्य बाकी कुणाला नाही, पण गार्डाला बरोबर लागलं. ते घाईघाईनं लॅपटॉपवर वाकले. समोर 'रद्द' दिसलं. त्यांनी दाबलं. दुसरंही 'रद्द' दिसलं. तेही दाबलं!

पडदा कोरा. एवढा वेळ उतरलेलं सगळं गेलं. आता पुन्हा पहिल्यापासून.

खंडूराव फोटोकडं बघायचं टाळू लागले. तेवढ्यात पार्वतीबाईंनी गाडीसाठी काढलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

"म्हशी कोनतरी पिळंल. मी लेकीला बघितल्याबिगर हलायची न्हाई."

मग कुणीच हललं नाही. पाहुण्यांनी सतरंजीवर डुलक्या काढल्या, चहाची पातेली दोनदा चढली आणि दिवेलागणीला एकदाची कॉपी पुरी झाली.

करुणानं शूटिंग लावलं. वायर निसटू नये म्हणून खंडूराव ती धरून टीव्हीपाशीच उभे राहिले. मांडव दिसला. मांडवात खंडूराव दिसले, तरणे, काळ्याभोर मिशांचे. मग जेवणारे खंडूराव. मग पान खाणारे खंडूराव. नवरानवरीनं एकमेकांना हार घातले, पण विनोदचा नुसता कोपर दिसला. पुढं खंडूराव!

"दाजी," विनोद सुन्न होऊन म्हणाला, "लगीन माझं हुतं का तुमचं?"

"आन् माया कुठंय?" पार्वतीबाई टीव्हीजवळ सरकल्या.

कॅमेरा त्या दिवशी कुणाच्या हातात होता, ते खंडूरावांना आत्ता आठवलं. तासाभराच्या शूटिंगमध्ये माया कुठंच दिसणार नव्हती! आत्याबाईंना आता सांगायचं काय?

आणि टीव्हीतून खणखणीत आवाज आला.

"अहो, बाजूला व्हा की जरा! किती मधी मधी कराल? मागच्यांना दिसंना!"

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माझी माया," त्या म्हणाल्या. "तिचाच आवाज!"

आणि टीव्हीपुढं उभे असलेले खंडूराव वायर तिथंच टाकून चटकन बाजूला झाले.