पुलाखालचे ब्रिगेडियर

एका निवृत्त ब्रिगेडियरला मी बिल्डिंगचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभालीचा पगारी माणूस, समजलो आणि माझं तुंबलेलं सिंक साफ करायला लावलं.

त्सुफेनहाउझेन ह्या जर्मन उपनगरात येऊन मला आठवडाही झाला नव्हता. निळ्या डांगरीतला उंच म्हातारा जिना झाडत होता. तिथे रहिवासीच आळीपाळीने जिना झाडतात आणि त्या आठवड्यात पाळी त्यांची होती, हे मला कुठून कळणार? त्यांनी सिंक मोकळं केलं, हात धुतले, मग ओळख करून दिली: ब्रिगेडियर कीथ, ऑस्ट्रेलियन लष्कर, इंजिनिअर्स. टिप द्यायला खिशात घातलेला हात मी खिशातच ठेवला.

साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस ब्रिगेडियर कसा झाला, हे त्यांच्याकडून ऐकायचं म्हणजे नुसत्या पुलांच्या गोष्टी. व्हिएतनाम? चिखलातला पूल. तिमोर? वाहून गेलेला पूल. पदकं कशाची, विचारलं तर म्हणत, "पूल टिकला, माणसं टिकली. गेनाऊ, अगदी एवढंच." आणि त्यांच्या तुकडीचा रिवाज सांगत: नव्या पुलावरून पहिला ट्रक जाताना बांधणाऱ्याने पुलाखाली थांबायचं.

त्या उन्हाळ्यात त्यांची जर्मन बायको हिल्डे पक्षाघातातून वाचली, पण व्हीलचेअरवर आली. क्लिनिकच्या बाईंनी आमच्या बिल्डिंगच्या दारापुढच्या पायऱ्या पाहिल्या आणि सांगितलं, "खुर्ची वर जात नसेल, तर वृद्धाश्रम."

"शनिवारी बघायला या," ब्रिगेडियर म्हणाले, आणि पायऱ्यांवर घालायच्या उतरणीसाठी अंगणात लाकडं येऊन पडली.

मी मोटारींवर पीएच.डी. करत होतो, म्हणून मला फळ्या धरायचं काम मिळालं. उतरणीची पहिली फळी मी उलटी धरली, तेव्हा ते काम काढून घेऊन ब्रिगेडियरनी मला बढती दिली: टेस्ट लोड. मी खुर्चीत बसलो, ब्रिगेडियर उतरणीखाली आडवे झाले.

माझ्या बायकोने, मुग्धाने, खिडकीतून विचारलं, "ह्याच्या मांडीवर तांदळाची पिशवी देऊ का?"

ब्रिगेडियरनी खालून मला न्याहाळलं. "गरज नाही."

शनिवारी अख्खी बिल्डिंग दारात. हिल्डे आली, क्लिनिकच्या बाई आल्या, ब्रिगेडियर मात्र कुठेच दिसेनात. मग फळ्यांच्या फटीतून पदकं चमकली. कडक इस्त्रीचा कोट घालून गृहस्थ खडीवर उताणे पडले होते.

खुर्ची सरसर वर गेली. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. बाईंनी मान डोलावली आणि आम्ही टाळ्यांनी गल्ली दणाणून सोडली.

ब्रिगेडियर रांगत बाहेर आले. डोळे लाल. "डोळ्यांत भुसा गेला," म्हणाले.

हिल्डेने त्यांच्या केसांतली खडी झटकली. मग माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "ह्या जाड्याला आधी चढवून बघितलंस ना? मग खाली कशाला झोपलास?"