युद्धसंग्रहालयावरील चौथ्या स्वारीची हकीकत

श्री. आरंभी गजाननास वंदन. प्रसन्न असल्यास उत्तम, नसल्यास निदान जागा असावा, इतकेच मागणे. अधिक मागण्याचे त्राण या दरबारी उरले नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमी, रविवार, ते दिवशी मातोश्री, कन्या आणि धाकटे राजे निरंजनराव ऐसे तिघे छावणीच्या शहरातील युद्धसंग्रहालयावर चालून गेले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

राज्य लहान. तीन खोल्या, एक गच्ची आणि तुळशीची कुंडी. त्याचे धनी थोरले महाराज श्रावणमासी कैलासवासी जाहले. महाराज तरुणपणी फौजेत होते आणि सरहद्दीवर मोठे युद्ध जाहले तेव्हा फौजेच्या टपालात कामास होते. याउपर त्या युद्धाविषयी त्यांनी घरात चकार शब्द काढिला नाही. निरंजनराव थट्टा करीत, "बाबा, तुमच्या युद्धात फार तर गोंद संपला असेल," आणि महाराज हसत, आणि मग उठून गच्चीवर जात. आणखी एक रीत त्या राज्यात होती. आलेले पत्र महाराज स्वहस्ते कधी फोडीत नसत. लग्नपत्रिका असो, पेन्शनचा कागद असो, खुर्चीत बसून ते पाकीट मातोश्रींपुढे धरीत आणि म्हणत, "तू फोड," आणि मग मातोश्री फोडून मोठ्याने वाचीत आणि महाराज डोळे मिटून ऐकत. का, हे कोणी पुसले नाही. महाराज गेल्यावर आठ दिवसांनी त्यांच्या नावे एक निळे आंतर्देशीय पत्र आले. मातोश्रींनी ते फळीवर घड्याळाला टेकून ठेविले आणि फोडिले नाही. कन्येने दोनदा विचारले. "त्यांच्या नावाचं आहे," इतकेच उत्तर मिळाले, आणि पत्र तीन महिने तसेच राहिले, आणि त्या तीन महिन्यांत मातोश्रींनी बोलणेही हळूहळू टाकिले. पत्र राहिले तर राहो. आई अशीच मिटून जाईल, हे कन्येस भय होते.

मग कन्येने मनसुबा केला की मातोश्रींना एक दिवस घराबाहेर काढावे. महाराजांची जुनी हौस ठाऊक होती: छावणीच्या शहरी सहल आणि मधोमध युद्धसंग्रहालय. हयातीत त्यांनी तीन स्वाऱ्या काढिल्या आणि तिन्ही फसल्या. पहिली सोमवारी निघाली, तो संग्रहालयास सुटी. दुसरी दुपारी सव्वा वाजता दाराशी भिडली, तो जेवणवेळ म्हणून कुलूप, आणि थांबावे तर पुढे बागेतली नाव चुकते, म्हणून माघार. तिसरी पोहोचली सव्वापाचास, तो आतले दिवे मालवलेले. दर खेपेस महाराज कपाळावर हात मारीत आणि मग सर्वांस उसाचा रस पाजून आणीत, आणि त्या संध्याकाळी विशेष खुशीत असत. सबब या खेपेस वेळा नीट लावाव्या म्हणून कन्येने त्यांची सहलींची वही काढिली. वहीत सर्व होते. देऊळ किती वाजता उघडते, नावेला रांग कधी नसते, थालीपीठ बरे कोठे मिळते, आणि बायकामाणसांसाठी स्वच्छ मोरी कोठे. आणि पहिल्याच पानावर, पहिल्या स्वारीच्याही आधीच्या तारखेस, महाराजांच्या हातचे लिहिले होते: संग्रहालय, दहा ते एक, दोन ते पाच, सोमवार बंद. खाली दोन रेघा ओढिल्या होत्या. कन्येने वही सर्वांपुढे ठेविली.

"विसरले असतील," निरंजनराव बोलिले.

"विसरायला ते तुझ्यासारखे होते का?" मातोश्री बोलिल्या. कित्येक दिवसांनी इतके बोलिल्या. "त्यांना आत जायचंच नव्हतं."

"मग तीन-तीनदा निघायचं कशाला, आई?"

"दारापर्यंत जावंसं वाटत असेल."

तेव्हा कन्या म्हणाली की मग राहू दे, आपण बागेत जाऊन येऊ. मातोश्री म्हणाल्या, "बाग नको. आत काय आहे ते मला बघायचंय."

मग रविवारी पहिल्या बसने कूच जाहले आणि साडेदहास छावणीचे शहर गाठिले. स्थानकावर रिक्षावाला बोलिला, "संग्रहालय कशाला मावशी? गंजक्या तोफा आहेत नुसत्या. बागेत सोडतो, कारंजं बघा." मातोश्री म्हणाल्या, "कारंजं तीनदा बघितलंय, बाबा. चल तू." आणि अकरास सर्वजण आत शिरले. तोफा होत्या, रणगाडा होता, गणवेश होते, आणि मातोश्री कशापाशीही न थांबता चालत राहिल्या, आणि मग मागल्या दालनात फौजी टपालाचे एक काचेचे कपाट लागले. आत एक किंतानी थैली, काही शिक्के आणि एकच पत्र. खाली लिहिले होते की शिपाई केरबा ढमढेरे युद्धात पडल्यावर हे घरचे पत्र ठाण्यावर पोहोचले. अशी पत्रे त्या थंडीत शेकड्यांनी आली, आणि टपालातील माणसांनी प्रत्येकावर हाताने शेरा मारून ती परत धाडिली. हे पत्र ढमढेरे कुटुंबाने पन्नास वर्षे न फोडता जपले आणि मग येथे दिले. पत्रावर लाल शाईने शेरा होता: प्रेषकास परत. खाली दोन रेघा.

मातोश्रींनी काचेवर तळहात ठेविला. रखवालदार लगबगीने आला, "मावशी, काचेला हात नको." मातोश्री वळल्या नाहीत. "अहो, हे अक्षर आमच्या घरातलं आहे," असे म्हणाल्या. रखवालदाराने एकदा पत्राकडे पाहिले आणि एकदा त्यांच्याकडे. "मग राहू द्या," म्हणाला, आणि दुसऱ्या दालनात गेला. निरंजनरावांस गोंदाची थट्टा आठवली असावी. ते बाहेर जाऊन रणगाड्यापाशी पाठमोरे उभे राहिले. एक वाजता दार बंद व्हायचे जाहले तेव्हा कन्येने मातोश्रींचा हात काचेवरून सोडविला. वहीतले बाकी काहीच पाहावेसे कोणास वाटले नाही.

दिवेलागणीस घरी आल्यावर मातोश्रींनी चपलाही न काढिता फळीवरचे निळे पत्र उचलिले. कन्येस वाटले, आता शेरा मारून परत धाडतात की काय. "निरंजन, त्यांची खुर्ची इकडे सरळ कर," मातोश्री म्हणाल्या. मग खुर्चीसमोर बसून त्यांनी पत्र फोडिले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात वाचिले. टपालातले जुने सोबती, कोणी यशवंत गावडे. लिहिले होते की गुडघा कसा आहे, इकडे पाऊस फार, उत्तर धाडावे. मातोश्रींनी सहीपर्यंत वाचिले आणि मग कन्येस म्हणाल्या, "पेन दे. वाट बघत असतील ते."

एकूण हकीकत इतकीच. चौथी स्वारी आत शिरली. बाग राहिली, नाव राहिली, आणि उसाचा रस पिण्याचे आम्हां तिघांसही भान राहिले नाही.